खापर भंगारात गेलं तेव्हा

मे महिन्यात आमच्या जळगावात गच्चीवर पाय ठेवायची सोय नसते, पण बिबड्या वाळतात त्या याच उन्हात. २०२५ च्या मेमध्ये, ऐन धांदलीत, माझं हिशेबाचं पुस्तक बंद पडलं. पुस्तक म्हणजे संगणकातला प्रोग्राम. कुणाच्या बिबड्या, कुणाच्या कुरडया, कुणी आगाऊ पैसे दिले, सगळं त्यातच. वहीत एक अक्षर नाही!

झालं असं, माझ्या संगणकावर उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती होती. तिची मोफत दुरुस्ती त्याच महिन्यात संपणार, म्हणून मी २२.०४ घेतली. शेवटी त्याने विचारलं, जुनं, आता न लागणारं काढून टाकू का? भंगार काढायला कोणती बाई नाही म्हणेल? मी 'हो' दाबलं. मग हिशेबावर क्लिक करते तर काही उघडेचना. "काय जायं वं माय?" सासूबाई ओट्यावरून. बाकी घराने निकालच दिला, "तूच काहीतरी दाबलं असशील."

धुळ्याच्या भाचीला फोन लावला. तिने काळ्या खिडकीतून प्रोग्राम चालवायला लावला, मी आलेली ओळ अडखळत वाचली. लिबएसएसएल, १.१, ही फाइल सापडत नाही.

"मावशी, हिशेब आहे तिथेच आहे. तुझं खापर गेलंय."

आपल्याकडे मांड्यांचं खापर गल्लीत एखाद्याच घरी असायचं, सगळ्या जणी तेच न्यायच्या. संगणकातही तसंच. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवायचं काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत नाही, ओपनएसएसएल नावाची सामाईक फाइल ते करते. याचा फायदा मोठा. २०१४ मध्ये तिच्यात 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली, तेव्हा ती एक फाइल बदलली की ती वापरणारे सगळे प्रोग्राम सुधारत होते.

पण २०२१ मध्ये तिची ३.० आवृत्ती आली आणि उबुंटू २२.०४ ने तीच घेतली. १.१ साठी बनलेल्या प्रोग्रामला ती चालत नाही. तरी माझ्याकडे जुनी फाइल शिल्लक होती! संगणक कोणाला काय लागतं याची नोंद ठेवतो. पण माझा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून हाताने टाकलेला, त्याचं नाव नोंदीत नाही. कुणी नेत नाही असं समजून खापर भंगारात गेलं. विंडोजवर 'अमुक डीएलएल नाही' असं येतं ना, ते याच जातीचं दुखणं.

मी म्हटलं, जुनी फाइल कुठूनतरी उतरवून घेते. भाची ओरडलीच. अनोळखी ठिकाणची फाइल घ्यायची नाही, शिवाय १.१ ची मोफत दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्येच थांबलेली. नवा प्रोग्राम मागवायचा, हाच उपाय. त्याला आठ दिवस लागणार होते, आणि गिऱ्हाइकं दारात उभी.

तिच्याकडे अजून २०.०४ च होतं. दीर एसटीने धुळ्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर बिबड्यांच्या डब्यात पेनड्राइव्ह पाठवला. रात्री भाचीने फोनवर एकेक नाव आणि रक्कम वाचली, मी वहीत उतरवली. माझ्या कुरडया संपेपर्यंत तिने आपला संगणक तसाच ठेवला.