सारंगखेड्याचा घोडा मळ्यात आणायचाय? आधी त्याच्या पोटाचं गणित समजून घ्या

दत्तजयंती आली की मोबाईलवर घोडेच घोडे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार सजतो आणि पुढचे पंधरा दिवस आपल्या फीडवर नाचणाऱ्या घोड्या, टोकं एकमेकांकडे वळलेले मारवाडी कान आणि डोळे पांढरे करणाऱ्या किमती. खाली कमेंट ठरलेली : "भाऊ, आपल्या मळ्यात पण एक पाहिजे."

हौस चांगली आहे. पण घोडा विकत घेताना जो पैसा जातो, तो सगळ्यात सोपा खर्च असतो, एकदाच होतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, आणि त्यातला प्रत्येक दिवस एका गोष्टीभोवती फिरतो : त्याचं पोट.

गाई-म्हशी सांभाळलेल्या घराला वाटतं, दोन जनावरांत तिसरं. गडबड इथेच होते. गाय सकाळ-संध्याकाळ पोटभर खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाचा पहिला कप्पाच शंभर लिटरच्या घरातला. घोड्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. तो रवंथ करत नाही. मोकळा सोडला तर दिवसाचे चौदा-सोळा तास तो थोडं थोडं चरत राहतो, कारण त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. खरी पचनाची भट्टी पुढे, मोठ्या आतड्यात असते. तिथले जीवाणू चारा आंबवतात आणि त्यातून त्याला ताकद मिळते.

आता याच घोड्याला गाईसारखं दोन वेळा भरपूर घालून मधले बारा तास रिकामं बांधून ठेवा. जठराला व्रण पडतात, घोडा दावणीचं लाकूड कुरतडायला लागतो, आणि पुढचं खाणं समोर आलं की अधाशासारखं गिळतो. त्यात घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं वर येत नाही. आपल्याला अजीर्ण झालं तर एक उलटी होऊन सुटका होते. घोड्याला ती वाटच नाही.

म्हणून घोडा सांभाळणाऱ्या घरात पहाटेचं पहिलं काम कौतुक करणं हे नसतं, लीद मोजणं हे असतं. निरोगी घोडा दिवसातून साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. रात्रीचे ढीग जागच्या जागी दिसले, गोळे नीट बांधलेले आणि ओलसर असले, की जीव भांड्यात पडतो. तबेला कोरडा दिसला तर पुढची सगळी कामं बाजूला.

लीद काढली की पाणी. साडेतीनशे-चारशे किलोचा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पितो, वैशाखात त्याहून जास्त. हौद रोज घासायचा, कारण शेवाळलेलं पाणी घोडा नाक लावून सोडून देतो आणि कमी पाण्यावर सुका चारा आतड्यात घट्ट बसतो. मग चारा. वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे सात-आठ किलो. इथे एक फसगत होते. हिरव्या चाऱ्यात पाऊणहून अधिक पाणीच असतं, त्यामुळे नुसत्या हिरव्यावर ठेवायचं तर तीस-पस्तीस किलो लागेल. बहुतेक ठिकाणी वाळलेलं गवत किंवा कडब्याची कुट्टी आणि जोडीला थोडा लसूणघास असा मेळ घालतात. कुट्टी अगदी भुग्यासारखी बारीक करू नका; न चावता गिळली जाते.

चाऱ्यानंतर चंदी. हा शब्द पागांबरोबर मागे पडला, पण वस्तू तीच : भिजवलेला हरभरा, जव, ओट, कोंडा. "घोड्याला हरभरा घातला की ताकद येते" हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पहिल्यांदा घोडा आणलेल्या घरात इथेच प्रेम उतू जातं. जास्तीचं धान्य जठरात मावत नाही. न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जीवाणू बिघडतात, आणि दुखणं कुठे निघतं? खुरात! खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज येते, घोडा पाय टेकवेनासा होतो आणि कधी कधी जन्माचा अधू होतो. त्यामुळे एका वेळी दीड-पावणेदोन किलोच्या वर चंदी नको, आणि काम नसलेल्या घोड्याला बऱ्याचदा चंदीची गरजच नसते. कोणताही नवा चारा किंवा धान्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र ते थोड्या मात्रेतही घाला घालतं. खाद्याची पोती घोड्याच्या तोंडाला लागतील अशी ठेवू नका.

मग येतो खरारा. अंगावरून ब्रश फिरवताना धूळ निघते हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोचीड, खोगिराने पडलेली जखम, कुठे आलेली सूज हाताला लागते. पाय उचलून खुरातली घाण, खडे काढायचे. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. बाजारात व्यवहार करण्याआधी आपल्या तालुक्यात नालबंद कोण आहे, हे विचारून ठेवा. ठिकठिकाणी हे कारागीर आता बोटावर मोजण्याइतके उरलेत.

मग फिरवणं, दुपारी पुन्हा चारा, संध्याकाळी लीद आणि पाणी, आणि रात्री झोपायच्या आधी शेवटची पेंढी. हे दोन-तीन तासांचं काम आहे, पण सलग होत नाही, दिवसभर विखुरलेलं असतं. लग्नाला परगावी जायचं तर मागे जाणता माणूस हवा. पूर्वी मोतद्दार ठेवत ते उगाच नाही.

पोटशूळ उठला तर

घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, बसतो-उठतो, लोळतो, घाम फुटतो, लीद बंद. हा पोटशूळ. काही वेळा गॅस सुटून तासाभरात आराम पडतो, काही वेळा आतड्याला पीळ पडलेला असतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग उरत नाही. बाहेरून बघून यातलं कोणतं, हे आपल्याला ओळखता येत नाही. चारा काढून घ्या, लगेच पशुवैद्यकाला फोन करा (फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे), आणि घोडा चालत असेल तर सावकाश चालवा.

बैलाला पाजतो तसं बाटलीने तेल किंवा काढा मात्र ओतू नका. वेदनेत असलेल्या घोड्याला जबरदस्तीने पाजलेलं फुफ्फुसात उतरू शकतं. पोटाने वाचला असता तो घोडा मग त्या तेलाने जातो. डॉक्टर नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालून तेल देतात, ते याचसाठी. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही नको.

लसींपैकी धनुर्वाताची चुकवू नका. हे जीवाणू माती आणि लीदीतच असतात, आणि धनुर्वात सहज होणाऱ्या जनावरांत घोडा अगदी वरचा. काटेरी तारेचं कुंपण म्हणूनच धोक्याचं. घाबरला की घोडा आधी पळतो, तार नंतर दिसते.

मग लहान तट्टू परवडेल का?

५८ इंचांखालच्या घोड्याला ढोबळमानाने पोनी म्हणतात. आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू प्रसिद्ध. मराठ्यांच्या घोडदळात त्याने दौड मारली, आणि आजही धनगरांचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवरून फिरतं. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदही झाली. कमी चाऱ्यावर राहणारं, काटक जनावर. पण काटकपणाची दुसरी बाजू अशी की भरल्या गोठ्यात ते पटकन लठ्ठ होतं आणि खुराचं दुखणं त्याला आधी गाठतं. खर्च थोडा कमी, वेळ तेवढाच.

आणि एकटा घोडा ठेवू नका. तो कळपाचा प्राणी आहे, राखणीला सोबती असल्याशिवाय निर्धास्त आडवा होऊन झोपत नाही. उभ्या-उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेला आडवं व्हावंच लागतं. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान एखादी शेळी तरी शेजारी बांधतात.

एवढं वाचूनही यात्रेला निघणार असाल, तर जनावराच्या चालीबरोबर त्याचे दात पाहा, ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागा (हा रोग माणसालाही होतो, आणि तपासणीत सापडला तर जनावर वाचवता येत नाही). सौदा ठरला की विकणाऱ्याला विचारा, "हा रोज काय खातो, किती वेळा?" आणि त्याच्याकडूनच आठवडाभराचा तोच चारा पोत्यात भरून गाडीत टाका. घरच्या चाऱ्याची पहिली मूठ त्यात दुसऱ्या दिवसापासून मिसळायची.