सर्व्हरवरची एक ओळ

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर बपेरा हे गाव आहे. हा सगळा धानाचा पट्टा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि बांधावर उभं राहून मोबाइलवरून पिकाचा फोटो नोंदवणं हे हंगामातलंच एक काम झालं. समजा, इथल्या एखाद्या शेतकऱ्यानं सकाळी १०.१२ ला फोटो पाठवला आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच उत्तर आलं. रेंज गेली, गट नंबर जुळला नाही, की डेटाबेस अडकला? विनंती सर्व्हरपर्यंत पोचली असेल, तर नीट बांधलेल्या प्रणालीत तिची एक ओळ लिहिली जाते. अशा ओळींची फाइल म्हणजे लॉग.

दिवसाला लाखो ओळी जमल्या की ती फाइल खाली उतरवून घेत बसणं परवडत नाही. अभियंता टर्मिनलमधून थेट सर्व्हरवर जातो आणि फाइल तिथंच चाळतो. त्यासाठी केन थॉम्प्सन यांनी १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिलेलं ‘ग्रेप’ आजही हाताशी असतं. पण ग्रेपला अक्षरं कळतात, अर्थ नाही. ५०० शोधा, तर सर्व्हरच्या बिघाडाचा ५०० हा कोड येतो, ५०० मिलिसेकंद येतात आणि गट नंबर ५०० सुद्धा!

म्हणून आता लॉग बहुधा जेसनमध्ये लिहितात. प्रत्येक माहितीला तिचं नाव जोडलेलं असतं:

{"वेळ":"०४:४२:०७ यूटीसी", "पातळी":"एरर", "गाव":"बपेरा", "कारण":"डेटाबेस टाइमआउट", "मिलिसेकंद":"३००००"}

घड्याळात १०.१२ आणि इथे ४.४२, कारण सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक वेळ (यूटीसी) लिहितात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. हे ध्यानात नसेल तर माणूस चुकीच्या ओळींत तासन्‌तास शोधत राहतो.

अशा फाइलसाठी स्टीफन डोलन यांचं ‘जेक्यू’ हे साधन आहे. पातळी एरर असलेल्या ओळीच घे, त्यांतलं गाव आणि कारण दाखव, असं त्याला सांगता येतं. त्याचं उत्तर पाइपमधून ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ या आज्ञांकडे दिलं की गावनिहाय मोजणी समोर येते. १०.१२ च्या आसपासच्या दहा मिनिटांत सगळ्याच गावांच्या नोंदी अडल्या असतील, तर दोष मध्यवर्ती यंत्रणेत. एकट्या बपेऱ्याच्याच अडल्या असतील, तर तिथला डेटा तपासायला हवा. आणि लॉग पूर्ण असूनही ओळच नसेल, तर विनंती बहुधा वाटेतच, नेटवर्कमध्ये अडली. अनेक सर्व्हरच्या फाइली वेळेनुसार एकत्र लावून वाचायच्या असतील, तर ‘एलनॅव्ह’ हे साधन वापरतात.

लॉगच्या ओळीत आधार क्रमांक वा फोन नंबर असता कामा नये. विनंतीचा क्रमांक मात्र असावा आणि तोच शेतकऱ्याच्या स्क्रीनवरही दिसावा. मग ‘साइट चालत नव्हती’ या तक्रारीसोबत त्याला नेमका पुरावा देता येईल.

पण तोवर ओळ शिल्लक हवी. ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग किमान १८० दिवस जपावे लागतात. त्याहून जास्त ठेवले नसतील, तर १५ सप्टेंबरला अडलेल्या नोंदीचा माग १४ मार्चच्या सुमारास संपतो.