मुंबई ते कराची : अंतर किती, वेळ किती?

मुंबईपासून कराची किती लांब? विमानाच्या सरळ रेषेने मोजाल, तर सुमारे ८७५ किलोमीटर. जुन्या हिशेबाने साडेपाचशे मैलांच्या आतच. आपली दिल्ली ह्याहून लांब आहे! जेट विमानाला हे अंतर कापायला दीड तास पुरे. चहाचे कप गोळा होतात न होतात तोच पट्टे बांधण्याची सूचना व्हावी, एवढाच हा प्रवास.

पण वाचकहो, हा झाला कागदावरचा हिशेब. आज ह्या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. जायचेच, तर दुबईला वळसा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तिथून उलट फिरून कराची १,१९० किलोमीटर. म्हणजे साडेतीनपट वाट. हवेतले पाच तास आणि दुबईच्या विमानतळावर खोळंबा होईल तो निराळा. व्हिसा हातात पडण्याची गोष्ट तर मी काढतच नाही.

मौज अशी की १९३२ साली हा हिशेब ह्याहून सोपा होता. विलायतेची टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. ती पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबरच्या सकाळी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे चिमुकले पस मॉथ विमान घेऊन कराचीच्या ड्रिघ रोडवरून उडाले. अहमदाबादला पेट्रोल भरले. तेसुद्धा बैलगाडीतून आणलेले! दुपारी ते जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंतची टपाल नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी नेली. आणि हा सारा प्रवास परमुलखातला नव्हे बरे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली.

माझी एक मावशी त्या कराचीत जन्मली. वडील तिथल्या नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कुलात शिकलेले. एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे हे नाव त्या शाळेने अजून टाकलेले नाही. फाळणीच्या वेळी मावशी नऊ वर्षांची होती. बोटीने मुंबईला आली, ती कायमचीच. मागे एकदा तिने मला विचारले,

"काय रे, विमानाने किती वेळ लागतो आता?"

मी दुबईचा मार्ग समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"दुबईत माझं कोण आहे?" ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

त्या पहिल्या उड्डाणाला १९८२ साली पन्नास वर्षे झाली. जे. आर. डी. तेव्हा ७८ वर्षांचे होते. मधल्या काळात फाळणी झाली होती, १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली होती. ह्या वेळी विमान होते लेपर्ड मॉथ, तेही एकाच इंजिनाचे. ते एकटेच त्यात बसले, कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले.