वडोद्याची ग्रंथपेटी आणि जादूचा कंदील

वडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच न मिळाले, तर मुलगा शिकलेली अक्षरेही विसरेल, ही चिंता होतीच. म्हणून १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस पाचारण केले.

खेड्यांतील वाचनालयांसाठी ठरलेली रीत मोठी मार्मिक होती. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी. ठराविक मर्यादेपर्यंत तितकीच रक्कम प्रांत-पंचायत देई आणि तितकीच सरकार. पदरचा पैसा घातलेल्या पुस्तकाची माणूस चौकशी करतो, हे चालकांनी नेमके हेरले होते. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती विनामूल्य धाडली जात.

पण निरक्षर शेतकऱ्यास पेटीचा उपयोग काय? त्याच्यासाठी ग्रंथालय खात्याने दृश्यशिक्षणाची शाखा काढली. जादूचा कंदील व चलच्चित्रे घेऊन खात्याची माणसे खेडोपाडी जात आणि फुकट खेळ दाखवीत.

यंत्र आणि शास्त्र यांची गोडी वडोद्यास आधीच लागली होती. १८९० साली निघालेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगकाम, यंत्रविद्या इत्यादी विषय देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला. शास्त्रीय पुस्तके नाहीत तर ती लिहवून घेण्याचा उद्योगही आरंभिला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पडद्यावर आला, त्या सुमारास वडोदे राज्यातील खेड्यांत ग्रंथालयाचे कंदील उजळत होते.