जुन्या मोटारीचे वाजवी मोल

जुनी मोटार विकावयास निघालेल्या गृहस्थाच्या मनात किमतीचा जो आकडा घर करून बसलेला असतो, तो बहुधा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा असतो. खरेदीच्या वेळी मोजलेली रक्कम, नोंदणीसमयी भरलेला कर, हौसेने बसविलेली आसनांची आवरणे आणि गेल्याच महिन्यात घातलेले नवे टायर या सर्वांची बेरीज करून तो गिऱ्हाइकाची वाट पाहतो. गिऱ्हाइकाला या बेरजेशी कर्तव्य नसते. एवढ्या पैशांत, किंवा त्यात आणखी थोडी भर घालून, आपणांस दुसरी कोणती गाडी मिळेल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. आणि म्हणूनच मूल्याची गणना तशाच नव्या मोटारीच्या आजच्या किमतीपासून आरंभावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या भावावरही त्याचा ताण पडणे क्रमप्राप्तच होते.

या गणनेला एक बरा आधार मोटारविम्याच्या कोष्टकात सापडतो. व्यवहारात ज्याला आयडीव्ही म्हणतात, ते वाहनाचे घोषित मूल्य ठरविताना चालू विक्रीकिमतीतून वयोमानानुसार घसारा वजा करण्याचा प्रघात आहे: पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्ष पुरे होईतो १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के, त्यापुढील मूल्य विमेदार व कंपनी यांच्या परस्पर संमतीवर सोडलेले असते. तेव्हा नोंदणी व विमा वगळून जिची शोरूममधील किंमत आज ८ लाख रुपये आहे, अशी साडेतीन वर्षांची मोटार ४ लाख ८० हजारांच्या आसपास येते. मात्र कोष्टकाला केवळ वय कळते. गाडी किती किलोमीटर धावली, किती मालकांच्या हातून गेली, अपघातात सापडली होती काय, पंधरा वर्षांच्या नोंदणीपैकी किती मुदत उरली आहे, आणि त्या गावात तिला मागणी आहे की नाही, हे पाहूनच या आकड्यात चढउतार करावा लागतो. जाहिरातींतील भाव चाळणे उपयुक्त असले, तरी ते मागितलेले भाव होत. घासाघिशीनंतर मिळालेले नव्हेत. व्यापारी देऊ करतो ती रक्कम तर आणखी कमी असते, कारण दुरुस्तीचा खर्च, स्वतःचा नफा आणि त्या नफ्यावरील कर त्याला तिच्यातूनच काढावयाचा असतो.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली याच बाजाराचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादिले की, मालातील दोष विक्रेत्यास ज्ञात आणि खरेदीदारास अज्ञात असला, म्हणजे खरेदीदार सर्वच मालाला सरासरी भाव देऊ लागतो, त्या भावात उत्तम वस्तूंचे मालक विकावयास नाखूश होतात, आणि अखेर बाजारात निकृष्ट मालच शिल्लक राहतो. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या सिद्धान्ताचा व्यावहारिक अर्थ असा की, जो गुण सिद्ध करता येत नाही त्याचे पैसे मिळत नाहीत. सर्व्हिसिंगची बिले, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, कर्जाचा बोजा उतरल्याची आरसी बुकातील नोंद आणि खरेदीदाराच्या पसंतीच्या मेकॅनिककडून तपासणी करू देण्याची तयारी, ही विक्रेत्याची खरी साधने होत. ज्ञात दोषही आधीच सांगावा, कारण तो मागाहून उघडकीस आला, म्हणजे उरलेल्या गुणांवरचाही विश्वास उडतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला आहे की, विक्री झालेली असली तरी मोटार ज्याच्या नावे नोंदलेली आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो व अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याच्यावर येते. यास्तव चढा भाव देऊन कोऱ्या फॉर्मांवर सह्या मागणाऱ्यापेक्षा, चार पैसे कमी देऊन गाडी तत्काळ आपल्या नावावर करून घेणारा खरेदीदार पत्करावा.