बोटं गारठतात, पण दोष छातीचा

‘पहाटे पाचला दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर निघतो. लोकरीचे दोन-दोन हातमोजे घालूनही थोड्याच वेळात बोटं बधिर होतात; क्लच किती दाबला तेही कळत नाही. याहून जाड हातमोजे कुठे मिळतील?’ कोपरगावकडच्या एका वाचकाचा हा प्रश्न. उत्तर थोडक्यात असं: हातमोजे राहू द्या, आधी चांगलं जाकीट घ्या.

लोकर स्वतः ऊब देत नाही, तिच्या धाग्यांत अडकलेली हवा देते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश वाहते. पण ताशी 60 किलोमीटरच्या वेगात वारा विणीतून आरपार जातो आणि ही तापलेली हवा सतत पळवून नेतो. त्यात मोज्यावर मोजा चढवला की लोकर दबते, आतली हवा निघून जाते, बोटं आवळली जाऊन रक्तही अडतं. म्हणजे दुसरा जोड बऱ्याचदा तोट्याचाच. त्याऐवजी वारा अडवणारं रेक्झिनचं किंवा चामड्याचं एकच आवरण बरं, तेही आत बोटं हलतील इतकं सैल.

वाऱ्याचा हा हिशोब पहिल्यांदा मांडला गेला अंटार्क्टिकात. 1928 साली अॅडमिरल बर्ड यांनी आपल्या मोहिमेवर पॉल सायपल नावाच्या 19 वर्षांच्या बालवीराला नेलं होतं. हाच मुलगा पुढे भूगोलाचा संशोधक झाला. 1941 च्या हिवाळ्यात चार्ल्स पॅसेल या भूशास्त्रज्ञाला घेऊन त्यानं प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरलं, ते तळाच्या छपरावर टांगलं आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं. वाऱ्यामुळे ‘जाणवणारं तापमान’ काढण्याची पद्धत निघाली ती या नळकांड्यातून! पण नळकांडं म्हणजे माणूस नव्हे. त्याला ना रक्त, ना शरीरातली भट्टी. म्हणून 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडानं सूत्र बदललं. त्यासाठी टोरांटोत स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याची त्वचा किती थंड होते ते तपासलं गेलं.

या सूत्रात 10 अंश तापमान आणि ताशी 60 किलोमीटर वारा घातला, तर उत्तर येतं सुमारे 5 अंश. मोबाइलवर असे आकडे पाहून लोक हादरतात. पण हा आकडा चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्याचा आहे, मोज्यातल्या बोटांचा नाही. शिवाय वारा कितीही सुटला तरी 10 अंशांच्या हवेत कोणतीही कोरडी वस्तू 10 अंशांखाली जात नाही. ती तिथवर लवकर पोचते, इतकंच. वाचकाच्या बोटांचं कोडं या आकड्यानं सुटत नाही. त्यासाठी शरीरात शिरावं लागतं.

बोटांत मांसल स्नायू जवळपास नाहीतच. ती हलतात कोपराखालच्या स्नायूंनी ओढलेल्या दोऱ्यांवर, म्हणजे कंडरांवर. स्नायू नाही म्हणजे भट्टी नाही. बोटाची ऊब येते ती सगळी रक्तातून. बोटं म्हणजे कालव्याच्या टेलची शेतं. धरणात साठा कमी झाला की पहिलं पाणी तुटतं टेलचं, आणि टेलच्या शेतकऱ्यानं आपल्या पाटाची कितीही डागडुजी केली तरी वरून सुटल्याशिवाय पाणी येत नाही. तसंच छाती-पोटाचा भाग थंडावू लागला की मेंदू हृदय-यकृत सांभाळतो आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतो.

यातही आवर्तनं असतात, हे दाखवलं थॉमस लुईस यांनी. कार्डिफमध्ये जन्मलेले हे डॉक्टर इसीजीच्या पायाभूत कामासाठी ओळखले जातात; त्यांच्या बोटांवरच्या कामाची आठवण मात्र कुणी काढत नाही. 1930 मध्ये त्यांनी बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांचं तापमान नोंदवलं. ते आधी झपाट्यानं उतरतं, पाच-दहा मिनिटांनी आपोआप काही अंश चढतं, पुन्हा उतरतं. आवळलेल्या वाहिन्या मधूनच उघडून बोट वाचवतात! हे नेमकं कसं घडतं यावर अजून वाद आहे. पण अंगच गारठलं असेल तर ही आवर्तनं उशिरा आणि दुबळी येतात, हे नक्की.

मग वरूनच पाणी सोडलं तर? 1998 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सहा जणांना उणे 15 अंशांत तीन तास ठेवलं. एकदा हातात ध्रुवीय हवामानाचे जाडजूड मोजे घालून, आणि एकदा हात उघडे ठेवून, फक्त धड तापवून. बोटं जास्त ऊबदार कधी राहिली? हात उघडे असताना! जाहिरातींतल्या ‘थर्मल’ हातमोज्यांचे ढीग पाहिले की मला हाच प्रयोग आठवतो.

तेव्हा खर्चाचा क्रम असा: आधी वारा अडवणारं जाकीट आणि गळ्याला मफलर, मग हँडलचे मफ, पण हात झटकन बाहेर येईल असेच, हातमोजे शेवटी. जाकीट नसेल तर स्वेटरखाली छातीवर वर्तमानपत्र घाला. घाट उतरताना सायकलपटू हेच करत आले आहेत. बधिर हात सायलेन्सरवर मात्र शेकू नका, भाजलेलं कळणार नाही. सिगारेटही नको, निकोटिन वाहिन्या आणखी आवळतं. उन्हाळ्यातही थंड पाण्यानं बोटं पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

चहा खुशाल प्या, पण त्याच्या गरमपणाचं फार कौतुक नको. 100 मिलिलिटर चहा 60 अंशांवरून अंगाच्या तापमानाला येताना जेमतेम सव्वादोन किलोकॅलरी देतो. तेवढी तर शरीर दोन मिनिटांत बनवतं. त्यातली चमचाभर साखर मात्र 16 किलोकॅलरी देते. मधुमेह नसेल, तर थंडीच्या हिशोबात चहा गोडच बरा.