गोऱ्हा बडवू नका, चिमटा लावून घ्या



हंगाम आटोपत आला, बंड्या रिकाम्या होऊ लागल्या, की शिवारात एक प्रश्न हमखास कानी येतो: "साहेब, गोऱ्हा जुवाला लावायचा आहे, बडवून घेऊ का?" ऊस विकास विभागाचा हा विषय नव्हे, हे खरे. पण बंडीचा बैल धड असला तरच ऊस वेळेवर काट्यावर येतो. म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

गोऱ्ह्याच्या अंडात जो नररस तयार होतो, त्याने तो मारका व बेफाम होतो. गाय दिसली की जू सोडून धावतो. खच्ची केल्यावर तो शांतपणे कामाला लागतो. शिवाय गावातले हलके वळू गाईंवर जात नाहीत व आपल्या नागपूर-वर्धा भागातील गवळाऊसारखी चपळ जात शुद्ध राहते. वराहपालनातही नर पिले लहानपणीच खच्ची करितात. नाहीतर मोठेपणी मांसाला उग्र वास येतो.

आमच्या लहानपणी घरी एक पांढराशुभ्र गवळाऊ गोऱ्हा होता. वडिलांनी गावच्या रीतीप्रमाणे तो बडवून घेतला. चौघांनी दोरखंडाने पाडला, दोन काठ्यांत शिरा धरून वरून ठोकल्या. त्याचा हंबरडा अजून आमच्या कानात आहे. पुढे सूज उतरेना, कातडी फाटली, जखमेत किडे पडले. गोऱ्हा वाचला, पण त्या वर्षी त्याने जू पाहिले नाही. दुसऱ्याचा बैल मागून पेरणी करावी लागली. वडील पुढे कधी त्या गोष्टीबद्दल बोलले नाहीत.

आता हे सोसण्याचे कारण नाही. जनावरांच्या दवाखान्यात बर्डिझो चिमटा असतो. त्याने कातडी न कापता आतली शीर, म्हणजे बीजनलिका व रक्तवाहिन्या, चिरडली जाते. रक्तपुरवठा तुटल्याने अंड काही आठवड्यांत आपोआप सुकते. उघडी जखम नसल्याने माशी व धनुर्वाताचे भय फार कमी. मात्र दोन्ही बाजूंच्या शिरा वेगवेगळ्या दाबाव्या लागतात व दोन खुणा एका ओळीत येऊ द्यायच्या नसतात. तसे झाल्यास पिशवीचाच रक्तपुरवठा तुटून ती सडते. म्हणून हे काम डॉक्टरांचेच; चिमटा मागून आणून घरी प्रयोग करू नये. डॉक्टरांना भूल देण्याचेही आवर्जून सांगावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे, त्यानुसार खच्चीकरण ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करावे लागते.

वय कोणते? वशिंड व मान भरावी म्हणून आपले लोक दोन-तीन वर्षे थांबतात. त्यात तथ्य आहे, कारण तोच नररस मान-खांदा घडवितो. पण जितका उशीर तितका त्रास अधिक. तेव्हा मान भरू लागली की डॉक्टरांना दाखवावे, उगाच लांबवू नये.

नंतर काय करावे:

1. कोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा. चार-आठ दिवस थोडी सूज राहते. ती वाढली, वास आला किंवा जनावराने चारा सोडला तर लगेच दवाखाना गाठावा.

2. सूज पूर्ण उतरेपर्यंत जू खांद्यावर ठेवू नये.

3. नलिकेत बीज शिल्लक असते, म्हणून दीड महिना गाईंपासून दूर बांधावा.

4. हंगामाच्या तोंडावर हे काम काढू नये. गाळप संपल्यावर, उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी उरकावे.

आता केलेला गोऱ्हा पोळ्याच्या तोरणाखाली झूल पांघरून ऐटीत उभा राहील, आणि पुढच्या हंगामात तुमची बंडी ओढील. ज्याच्या खांद्यावर आपला ऊस येतो, त्याला एवढे देणे आपण लागतो.